घट्ट, पण हवाबंद नव्हे

फिशटँकचा इतिहास सांगणारे लोक सहसा काचेपासून सुरुवात करतात. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि मग मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत मासे आले, असा सरळसोट हिशोब. तो चुकीचा नाही. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मला विचाराल तर ऍक्वेरियमचा इतिहास काचेपासून नाही, झाकणापासून सुरू होतो.

झाकण ही तशी दुर्लक्षित गोष्ट. टाकी घेताना आपण फिल्टर बघतो, दिवा बघतो, मासे तर बघतोच. झाकण म्हणजे दुकानदार शेवटी "हे पण घ्या साहेब" म्हणून पुढे करतो ते. मग कुणी ते घेतं, कुणी नको म्हणतं आणि घरी येऊन पुठ्ठा ठेवतं. (पुठ्ठा आठवडाभर टिकतो. नंतर त्याची लापशी होते.) पण घरच्या घरी, कमी पैशांत एखादं बरं झाकण करायला बसलात की लक्षात येतं, की काय आत ठेवायचं आणि काय बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. हाच प्रश्न पूर्वी लंडनच्या एका डॉक्टरला पडला होता, चहाची रोपं चोरून आणणाऱ्याला पडला होता आणि चक्क मुंबई महापालिकेलाही पडला होता.

सुरुवात डॉक्टरपासून करू.

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहणारा डॉक्टर. त्याला नेच्यांचा, म्हणजे फर्नचा भारी शौक. घरामागे दगड रचून त्यात नेचे लावायचा, पण लंडनच्या कोळशाच्या धुरात ते काही जगायचे नाहीत. १८२९ च्या सुमारास त्याने एका पतंगाचा कोष एका काचेच्या बाटलीत ओलसर मातीत पुरून ठेवला आणि वर झाकण लावलं. त्याला बघायचा होता पतंग. पण काही दिवसांनी मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं उगवलं. तोच नेचा, जो बाहेर काही केल्या जगत नव्हता! दिवसा मातीतली वाफ काचेवर जमायची, संध्याकाळी तिचे थेंब परत मातीत पडायचे. पाणी घालायची गरजच नाही. त्याने बाटली खिडकीबाहेर ठेवली आणि ती दोन झाडं जवळजवळ चार वर्षं जगली.

मग मेली कशाने? वॉर्डने स्वतःच लिहून ठेवलंय. तो बाहेरगावी गेलेला असताना बाटलीचं झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं. बस्स. जगातल्या पहिल्या नामांकित काचपेटीचा शेवट झाकण गंजल्यामुळे झाला. टाकीवर लोखंडी जाळी ठेवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं!

वॉर्डने यातून 'वॉर्डियन केस' नावाची काचपेटी तयार केली. १८३३ साली लॉडिजेस नावाच्या मोठ्या रोपवाटिकेच्या मदतीने अशा दोन पेट्या भरून त्याने सिडनीला जहाजाने पाठवल्या. जहाजाचा कप्तान होता चार्ल्स मॅलर्ड. रोपं जिवंत पोचली. मग त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरून १८३४ साली जहाज परत निघालं. वाटेत केप हॉर्नला बर्फ, विषुववृत्तावर भाजणारं ऊन, आणि पेट्या सगळा वेळ उघड्या डेकवर. तरी रोपं लंडनला टवटवीत उतरली. त्याआधी अशा लांबच्या प्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने मरून जायची.

इथे एक गैरसमज पसरला, तो आजही आहे. लोकांना वाटलं की वॉर्डची पेटी हवाबंद होती आणि त्यातच सगळी जादू होती. वॉर्ड मात्र पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की बाबांनो, ती हवाबंद नाही. १८४२ साली त्याने पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातसुद्धा त्याने 'हवाबंद' न म्हणता 'घट्ट काच बसवलेल्या पेट्या' असं म्हटलं. ऊन पडलं की आतली हवा प्रसरण पावते आणि फटींतून थोडी बाहेर जाते, थंड झालं की थोडी आत येते. पेटी श्वास घेते. धूर, मीठ आणि वारा अडवायचा, वाफ आत धरायची, पण हवेची देवघेव चालू ठेवायची, असा तो बेत होता. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर एकाच झाकणाकडे चार रिक्वायरमेंट होत्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध. वॉर्डचं मोठेपण हे, की त्याने एकीसाठी दुसरीचा बळी दिला नाही.

या पेट्यांनी आपल्याकडे काय केलं ते बघा. १८४८ ते १८५१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट फॉर्च्यून चीनमधून चहाची हजारो रोपं घेऊन आला, ती वॉर्डच्या पेट्यांतून. ती हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत लागली.

पण पेटी म्हणजे रामबाण नव्हे. १८६० साली क्लेमेंट्स मार्कम पेरूमधून सिंकोनाची रोपं घेऊन निघाला. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन मिळतं, आणि मलेरियावर तेव्हा तेच एक खरं औषध होतं. पनामा, इंग्लंड, सुएझ, मग तांबड्या समुद्राच्या भट्टीतून मुंबई आणि तिथून कालिकतमार्गे निलगिरी, असा तो द्राविडी प्राणायाम. पेट्यांनी वाफ धरली तशी उष्णताही धरली. निलगिरीत पोचलेली रोपं सडत गेली आणि वर्ष संपायच्या आत मेली. पुढच्याच वर्षी इक्वेडोरमधून रॉबर्ट क्रॉसने आणलेली रोपं मात्र अशाच पेट्यांतून चांगल्या अवस्थेत पोचली. पेट्या त्याच. फरक पडला रोपांच्या प्रकृतीचा, ऋतूचा आणि वाटेत सोसलेल्या उष्णतेचा. मे महिन्यात बंद काचेखालच्या टाकीत हात घालून बघा, मार्कमचं दुःख कळेल.

आता झाडांवरून माशांवर येऊ. वॉर्डने ही काचपेटी प्राण्यांसाठी वापरायची कल्पना १८३६ सालीच मांडली होती. १८४१ साली त्याने पाण्याची टाकी केली, त्यात पाणवनस्पती लावल्या आणि मासे सोडले... खेळण्यातले! (खरे नंतर आले.) कारण पाण्यातल्या जिवांची अडचण वेगळीच होती. पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि तो परत येतो मुख्यतः पृष्ठभागातून.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी समुद्रातले जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनमध्ये समुद्र कुठला? मग त्यांच्या घरची कामवाली रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीजवळ उभी राहून ते खारं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. आज आपला तीनशे रुपयांचा एअर पंप जे करतो, ते काम त्या बाईचे हात करायचे. तिचं नाव इतिहासात ठळकपणे येत नाही, पण ते प्रवाळ जगले ते तिच्या दंडांच्या जोरावर, एवढं नक्की.

नंतर १८४९ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टने बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवली. बारा गॅलन म्हणजे साधारण ५४ लिटर, जवळपास आपल्या दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीएवढं. काही दिवसांनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि सगळं पुन्हा रुळावर आलं. मार्च १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीत वाचून दाखवलं. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात लोकांसाठी फिश हाउस उघडलं, १८५४ साली फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं, 'ऍक्वेरियम' हा शब्द रूढ झाला आणि मग ती साथच पसरली.

१८६९ साली चीनमधून पॅरिसला पॅराडाइज फिश आले आणि पिएर कार्बोनिए याने त्यांची पिल्लं काढली. हे मासे आपल्या गुरामी आणि फायटरच्या खानदानातले. कल्ल्यांशिवाय त्यांच्या डोक्यात हवेतला प्राणवायू घेणारा एक वेगळा अवयव असतो, म्हणून ते सारखे वर येऊन हवा पितात. यांच्यासाठी झाकण म्हणजे नुसतं 'उडी मारू नये म्हणून' नाही. पाण्याच्या वर जो दोन-तीन बोटांचा हवेचा थर असतो, तो उबदार आणि दमट राहायला हवा. विशेषतः पिल्लांचा तो अवयव तयार होत असताना वरून गार, कोरडी हवा लागली तर पिल्लं दगावतात. म्हणजे पुन्हा तेच. हवा हवी, पण वारा नको.

उडीचं म्हणाल तर आपले देशी मासे त्यात पटाईत. झेब्रा डॅनिओ, ज्याचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात केलं, तो उडी मारतोच. मरळ तर झाकण नीट बसलेलं नसेल तर ते ढकलून बाहेर येतो. पावसाळ्यात एका डबक्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या माशांना आपली दोन फुटी टाकी हेही एक डबकंच वाटत असणार, त्यांचा काय दोष! सकाळी सोफ्याखाली वाळलेला मासा सापडणं हा आपल्या छंदातला सगळ्यात वाईट क्षण, आणि तो टाळायला शे-दोनशे रुपये पुरतात.

एवढं सगळं माशांसाठी. पण झाकणाचा प्रश्न माणसांच्या जिवावर कसा बेततो ते बघायला मुंबईत यावं लागतं.

१८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधून काढले. त्यानंतर मुंबईत मलेरिया कुठून येतो याचा तपास डॉ. चार्ल्स बेंटले यांनी केला, आणि १९११ साली त्यांचा अहवाल आला. निष्कर्ष असा, की इथला मलेरिया पसरवणारा ऍनोफिलिस डास दलदलीत नव्हे, तर घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतोय. उपाय सरळ होता. विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका.

तांत्रिकदृष्ट्या निर्दोष उत्तर. पण मुंबईच्या विहिरी म्हणजे नुसता पाणीपुरवठा नव्हता. चर्चगेटजवळची १७२५ सालची भीखा बेहराम विहीर घ्या, पारशी लोक आजही तिथे प्रार्थनेला जातात. धार्मिक पारशी आणि हिंदू कुटुंबांना विहिरीचं पाणी विधींसाठी लागायचं. पाणी उघडं असावं, त्यावर ऊन पडावं, ही भावना होती. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या तशा तक्रारी आणि अर्जही निघाले. या वादातून एक सुंदर पुस्तक जन्माला आलं. महापालिकेतच अधिकारी असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींच्या लोककथा आणि श्रद्धा गोळा केल्या आणि १९१८ साली 'फोकलोअर ऑफ वेल्स' छापलं. ज्या कचेरीतून विहिरी झाकायच्या नोटिसा जात होत्या, त्याच कचेरीतला माणूस या लोकांना विहीर म्हणजे काय वाटतं हे समजून घेत होता! मला हे फार आवडतं.

आणि तोडगा काय निघाला? पूर्ण बंद झाकणाऐवजी काही ठिकाणी बारीक तारेच्या जाळीचं, उघडता येणारं दार. डास आत-बाहेर जाऊ शकत नाही, ऊन जातं, हवा जाते, आणि पोहरा सोडायचा असेल तेव्हा दार उघडता येतं. काही विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासेही सोडले गेले. एका अर्थी त्या झाकण लावलेल्या, मासे सोडलेल्या विहिरी म्हणजे मुंबईतले मोठे ऍक्वेरियमच की!

सगळेच वाद असे मिटले नाहीत, कितीतरी विहिरी बुजल्याच. पण बेंटले चूक होते असंही नाही. मलेरियाने खरोखर माणसं मरत होती, आणि श्रद्धेचं कारण सांगून डास थांबत नाहीत. मुद्दा एवढाच, की 'घट्ट' आणि 'हवाबंद' या दोन शब्दांमध्ये जी जागा आहे, तिथे बऱ्याच जणांची सोय होऊ शकते. ती जागा शोधायला मात्र थोडा विचार आणि थोडी जाळी लागते.

आपल्या घरातही हा प्रश्न आहेच. मासे असलेल्या टाकीत अळ्या टिकत नाहीत, मासे त्यांचा फराळ करतात. पण क्लोरीन उडून जावा म्हणून बाल्कनीत भरून ठेवलेली बादली, किंवा मासे गेल्यावर 'नंतर बघू' म्हणून पडून असलेली टाकी, ही डेंग्यूच्या एडिस डासाला आमंत्रणपत्रिकाच. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा झाकण करायला घ्याल तेव्हा बादलीसाठीही एक करा.

असो. आता इतिहास पुरे, सामानाकडे वळू. दोन बाय एक फुटाच्या टाकीसाठी तीन पर्याय.

पहिला, काच. चार मिलिमीटर जाडीची काच एवढ्या मापाला सुमारे पावणेदोन-दोन किलो भरते. ती वाकत नाही, ओरखडे पडत नाहीत, स्वस्त आहे. काचवाल्याकडून दोन तुकडे करून घ्या, म्हणजे पुढचा सरकवता येतो. कडा घासून घ्या, नाहीतर बोटं कापतील. टाकीच्या आत, वरच्या कडेपासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली काचेचे छोटे तुकडे सिलिकॉनने चिकटवा आणि झाकण त्यावर टेकवा. म्हणजे वाफेचे थेंब परत टाकीतच पडतात, वॉर्डच्या बाटलीसारखे. मागे बोटभर फट ठेवा. सिलिकॉन बुरशीनाशक घातलेलं नको, साधं व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या आणि दोन दिवस सुकू द्या.

दुसरा, प्लॅस्टिक. ऍक्रिलिक १९३३ साली जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आलं. दिसायला झकास, वजन काचेच्या निम्म्याहून कमी. पण खालून वाफ, वरून कोरडी हवा, त्यामुळे खालची बाजू पाणी शोषून फुगते आणि महिन्याभरात झाकणाची होडी होते. त्यापेक्षा पोकळ, दुपदरी पॉलीकार्बोनेट शीट बरं, जे शेड आणि ग्रीनहाउसच्या छपराला वापरतात. (पॉलीकार्बोनेटचा शोध १९५३ चा, जर्मनी आणि अमेरिकेत एकाच वर्षी, वेगवेगळा लागलेला.) सहा मिलिमीटरचा आपल्या मापाचा तुकडा जेमतेम पाव किलो भरतो. कटरने कापला जातो, आणि शेडवाल्याकडे उरलेले तुकडे किरकोळ पैशांत मिळतात. फक्त उघड्या टोकांच्या नळ्या सिलिकॉनने बंद करा, नाहीतर आत शेवाळ्याची शेती होते.

तिसरा, जाळी. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्यांकडून ऍल्युमिनियमच्या पट्टीची चौकट करून घ्या, त्यात रबराच्या बीडिंगने नायलॉनची किंवा फायबरची जाळी ताणून बसवा. गॅल्व्हनाइज्ड किंवा तांब्याची जाळी नको. तिच्यावरून टपकणारे थेंब जस्त आणि तांबं घेऊन पाण्यात उतरतात, आणि गोगलगायी व कोळंबीला ते विष आहे.

आता यातलं कुठलं निवडायचं? साधं गणित करू. जाळीखालच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर पाणी उडून जातं असं धरा. अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे बाराशे किलोज्यूल उष्णता लागते. चोवीस तासांवर भागलं तर येतात १४ वॅट. म्हणजे जाळीचं झाकण हा चौदा वॅटचा फुकट कूलर आहे, आपल्या माठासारखा. काचेचं झाकण तो बंद करतं. थंडीत हेच उलटं. तेव्हा तो कूलर चालू असणं म्हणजे हीटरचं बिल.

फक्त एक लक्षात ठेवा. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, त्यातले क्षार टाकीतच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी महिन्यागणिक जड होत जातं. जाळी वापरणाऱ्याने थोडं जुनं पाणी काढून टाकून नवीन घालायचं, हा नियम पाळलाच पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा, की एक झाकण करू नका, दोन करा. काचेचं आणि जाळीचं, दोन्हींचा खर्च मिळून तयार हूडच्या निम्म्यातही जात नाही. होळी झाली की काच काढून जाळी बसवा. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की जाळी काढून काच. गुरामी-फायटरची पिल्लं असतील तर ऋतू कुठलाही असो, काचच, मागे बोटभर फट ठेवून. टाकीवर सारखा हात फिरत राहिला की पाण्याचा वास, माशांची चाल, फिल्टरचा आवाज याकडेही आपोआप लक्ष जातं. कामवालीच्या हातांनी प्रवाळ जगवायचे दिवस गेले, पण वर्षातून दोनदा झाकण बदलण्याएवढे आपले हात नक्कीच मोकळे आहेत.